दुबईची डेझर्ट सफारी: वाळूवरच्या त्या अर्ध्या तासात नेमकं काय होतं? आई-बाबांना गाडीत बसवावं का?

दुबईला जाऊन आलेल्या कुणाचंही इन्स्टाग्राम उघडा. बुर्ज खलिफाच्या खालचा फोटो असतो, मॉलमधला असतो आणि तिसरा व्हिडिओ हमखास पांढऱ्या लँड क्रूझरचा असतो. गाडी वाळूच्या टेकडीवरून तिरकी घसरत असते, आतून किंचाळण्याचे आवाज येत असतात आणि पाठीमागे एखादं पंजाबी गाणं वाजत असतं. याला म्हणतात ‘ड्यून बॅशिंग’. मुंबईहून तीन-साडेतीन तासांच्या विमानप्रवासावर असल्यामुळे आता अख्खी कुटुंबं दुबईला जातात. आजी-आजोबा, नातवंडं सगळेच. टूर कंपनीच्या कार्यक्रमात एका संध्याकाळी ‘डेझर्ट सफारी विथ बार्बेक्यू डिनर’ लिहिलेलं असतंच.

गोची अशी की या एका ओळीत दोन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. एक म्हणजे वाळवंटात जाऊन सूर्यास्त बघणं, उंटावर बसणं, जेवणं. हे कुणालाही जमतं. दुसरी गोष्ट म्हणजे वाळूच्या टेकड्यांवरून गाडी उडवणं. हा साहसी खेळ आहे, आणि तो प्रत्येकाच्या पाठीला झेपेलच असं नाही. पैसे दोन्हीचे एकत्र भरलेले असतात. मग आई म्हणते, ‘पैसे भरलेत ना, मग मी पण बसते.’ या वाक्यापाशी जरा थांबायला हवं.

सफारी म्हणजे काय काय?

दुपारी अडीच-तीनच्या सुमारास गाडी हॉटेलवर येते. एका गाडीत साधारण सहा प्रवासी. शहर मागे टाकून दुबई-हत्ता रस्त्याने पाऊण-एक तास गेलं की लहबाबचा भाग लागतो. इथली वाळू लालसर आहे, कारण कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ थर चढलेला असतो. सोप्या भाषेत गंजाचा रंग. याच पट्ट्यात पुढे शारजाच्या हद्दीत अल बदायेरजवळ ‘बिग रेड’ नावाची प्रसिद्ध टेकडी आहे. तिची उंची साधारण १०० मीटर सांगतात.

गाड्या आधी एका थांब्यावर जमतात. तिथे क्वाड बाईक, चहा, डोक्याला बांधायचे रुमाल असा बाजार भरलेला असतो. यातलं बहुतेक सगळं जादा पैशांचं असतं. मग २० ते ३० मिनिटं टेकड्यांवरून गाडी, मध्ये फोटोसाठी थांबा, तिथेच सँडबोर्डिंग आणि अंधार पडताना कॅम्प. कॅम्पवर उंटाची छोटी फेरी, मेंदी, जेवण, तनुरा आणि बेली डान्स. रमजानमध्ये नाचगाणी बंद ठेवतात, त्यामुळे त्या काळात जाणाऱ्यांनी आधीच विचारून घ्यावं. शाकाहारी जेवण मिळतं. जैन जेवण हवं असेल तर बुकिंग करतानाच सांगावं. रात्री नऊच्या आसपास परत हॉटेल.

म्हणजे सहा तासांच्या कार्यक्रमात धडकी भरवणारा भाग जेमतेम अर्ध्या तासाचा आहे.

चाकातली हवा का काढतात?

वाळू सुरू होण्याआधी ड्रायव्हर खाली उतरतो आणि चारही चाकांतली हवा सोडायला लागतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांना वाटतं गाडी पंक्चर झाली. खरं तर हेच या सगळ्या खेळाचं मूळ आहे. रस्त्यावर या गाडीच्या चाकात साधारण ३५ पीएसआय हवा असते. वाळूत ती १२ ते १८ पर्यंत खाली आणतात. हवा कमी झाली की टायर खाली पसरतो, मुख्यतः लांबीला, आणि जमिनीवर टेकणारा भाग दुपटीच्या आसपास वाढतो. अडीच टनांची गाडी जास्त जागेवर विभागली जाते आणि रुतत नाही. उंटाचा पाय पसरट असतो त्याचं कारणही हेच.

ही युक्ती आज साधी वाटते, पण ती शिकायला माणसांना खूप घाम गाळावा लागला. १९२०च्या दशकात राल्फ बॅग्नॉल्ड नावाचा एक ब्रिटिश लष्करी अधिकारी इजिप्तमध्ये नेमणुकीवर होता. सुट्टी मिळाली की हा माणूस मित्रांना घेऊन फोर्डच्या गाड्या लिबियाच्या वाळवंटात घालायचा. चाकातली हवा कमी करणं, रुतलेल्या चाकाखाली लोखंडी पट्ट्या घालणं, उकळणाऱ्या रेडिएटरची वाफ वाया न घालवता पाणी परत मिळवणं, या सगळ्या गोष्टी त्याच्या टोळीने वापरून वापरून पक्क्या केल्या. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, त्याने याच अनुभवावर ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ ही ब्रिटिश सैन्याची तुकडी उभी केली. १९४१ मध्ये वाऱ्याने वाहणारी वाळू आणि टेकड्या यांच्या भौतिकशास्त्रावर त्याचं पुस्तक आलं. ते आजही वापरात आहे. ‘नासा’ची क्युरिऑसिटी रोव्हर मंगळावर ज्या टेकड्यांपाशी गेली, त्यांना बॅग्नॉल्डचंच नाव दिलेलं आहे. थोडक्यात, लहबाबमध्ये हवा सोडणारा ड्रायव्हर शंभर वर्षांपूर्वीचा धडा गिरवत असतो.

हवा कमी करण्याचा एक तोटाही आहे. मऊ टायर रिमला घट्ट धरून राहत नाही. वेगात झटक्याने वळण घेतलं तर टायर रिमवरून सुटू शकतो. म्हणून चांगला ड्रायव्हर मोठी, गोलाकार वळणं घेतो. परतताना डांबरी रस्त्याला लागण्याआधी पुन्हा हवा भरणंही तितकंच गरजेचं आहे. ‘उशीर झालाय, तशीच नेतो’ असं कुणी म्हटलं तर प्रवाशांनी हवा भरायला सांगावं.

टेकडीचा माथा आणि पलीकडची बाजू

वाळूची टेकडी दोन्ही बाजूंनी सारखी नसते. ज्या बाजूने वारा येतो ती बाजू हलक्या चढाची असते, १० ते १५ अंशांची. वाऱ्याने कण उड्या मारत वर जातात, जाताना पृष्ठभाग दाबला जातो, त्यामुळे ही बाजू तुलनेने घट्ट असते. माथ्यावर पोचलेले कण पलीकडे कोसळतात. तिथला उतार ३२ ते ३४ अंशांचा असतो. कोरडी वाळू यापेक्षा जास्त उभी राहूच शकत नाही, लगेच ओघळते. घरात तांदळाची रास ओतून बघा, तीही एका ठराविक कोनावरच थांबते. हा उतार कायम भुसभुशीत असतो.

यातून ड्रायव्हिंगचे सगळे नियम निघतात. चढायचं घट्ट बाजूने आणि वेग धरून, कारण मध्येच थांबलं की चाकं खणायला लागतात. पण माथ्यावर पोचताना वेग उतरवायचा. पलीकडे काय आहे हे गाडीतून दिसतच नाही, समोर फक्त बॉनेट आणि आभाळ असतं. फार हळू गेलं तर गाडी माथ्यावर पोटावर टेकून अडकते. फार जोरात गेलं तर हवेत उडते आणि खालच्या खड्ड्यात नाकावर आपटते. या दोन्हींच्या मधला वेग म्हणजे ड्रायव्हरचं कसब.

उतरताना नाक सरळ खाली ठेवायचं. तिरकं उतरलं आणि मागचा भाग घसरायला लागला तर गाडी कडेवर उलटू शकते. अशा वेळी नवखा माणूस ब्रेक मारतो आणि स्टिअरिंग वरच्या बाजूला वळवतो. दोन्ही चूक. नाक उताराकडे वळवून थोडा ॲक्सिलरेटर द्यायचा असतो. मनाला पटत नाही, पण गाडीला पटतं. सफारीच्या गाड्यांना आतून लोखंडी नळ्यांचा सांगाडा, म्हणजे रोल केज, बसवलेला असतो तो याच उलटण्यासाठी. गाडीत बसताना तो आहे का हे डोकं वर करून बघायला दोन सेकंद लागतात. सीटबेल्ट प्रत्येक सीटला आहे का आणि तो अडकतो का, हेही तेव्हाच बघून घ्यावं. तिसऱ्या रांगेतले बेल्ट सीटमध्ये हरवलेले असतात, ते ओढून बाहेर काढावेत.

आणखी एक खूण. गाड्या ताफ्याने जातात, एकमेकींमध्ये अंतर ठेवून. एक रुतली तर दुसरी ओढते. एकटीच गाडी टेकड्यांत शिरत असेल तर ते चांगलं लक्षण नाही.

मणक्याचं काय होतं?

बहुतेक व्हिडिओंत लोक घाबरतात ते तिरकं घसरण्याला, कारण डोळ्यांना ते भयंकर दिसतं. पाठीला धोका मात्र दुसऱ्याच क्षणी असतो: गाडी माथ्यावरून सुटून खालच्या खोलगट भागात ‘धप्प’ आदळते तेव्हा. एक मीटर उंचीवरून खाली येणारी कुठलीही गोष्ट जमिनीला टेकताना ताशी १६ किलोमीटरच्या वेगात असते. आकडा लहान वाटतो. पण ही धडक समोरून येत नाही, बुडाखालून येते. गाडीची सीट थांबते, माणसाचं वरचं शरीर अजून खाली येत असतं, आणि या दोघांच्या मध्ये पाठीचा कणा दाबला जातो. सीटबेल्ट माणसाला पुढे फेकलं जाण्यापासून वाचवतो, डोकं छतावर आपटण्यापासून बऱ्यापैकी वाचवतो. हा वरून खाली येणारा दाब मात्र तो थांबवू शकत नाही.

सगळ्यात जास्त ताण येतो तो छातीचा कडक कणा जिथे संपतो आणि कमरेचा लवचिक कणा सुरू होतो त्या जागी, म्हणजे साधारण बरगड्यांच्या शेवटाला पाठीमागे. मणक्याचा पुढचा भाग दबून तो पाचरीसारखा होतो. याला डॉक्टर कॉम्प्रेशन फ्रॅक्चर म्हणतात. पुढे वाकलेल्या माणसाला हा धोका जास्त असतो, कारण वाकल्यावर सगळा भार मणक्याच्या पुढच्या कडेवर येतो. पडलेला फोन उचलायला वाकलेला प्रवासी म्हणूनच चुकीच्या वेळी चुकीच्या स्थितीत असतो.

तरुण, धडधाकट माणसाची हाडं हा दाब सहसा सोसतात. फार तर दुसऱ्या दिवशी अंग दुखतं. पण हाडं विरळ झालेली असतील तर गणित बदलतं. हाडांचा ठिसूळपणा, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, दुखत नाही. तो कळतो हाड मोडल्यावर किंवा आधीच डेक्सा तपासणी केली असेल तर. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये हाडांची झीज वेगाने होते. म्हणजे ‘मला काहीच त्रास नाही, मी रोज चालायला जाते’ असं म्हणणाऱ्या साठीच्या आईबद्दलही तिची हाडं मजबूतच आहेत असं धरून चालता येत नाही. चालणं आणि खालून बसणारा धक्का सोसणं या वेगळ्या परीक्षा आहेत. बरीच वर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या घेतलेल्यांनाही हेच लागू होतं, मग त्या दम्यासाठी असोत की सांधेदुखीसाठी.

त्यामुळे गाडीत कुणी बसू नये याचं उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. गरोदर बाईने, कितवाही महिना असो, बसू नये. पाठीचं किंवा मानेचं जुनं दुखणं, सरकलेली गादी, नुकतंच झालेलं कुठलंही ऑपरेशन, हृदयविकार, ऑस्टिओपोरोसिस असलेल्यांनी बसू नये. लहान मुलांच्या बाबतीत बहुतेक कंपन्या ३ वर्षांखालच्यांना टेकड्यांवर नेतच नाहीत. त्याहून मोठ्या मुलालाही मांडीवर घेऊन बसायचं नाही. धक्क्यात मूल हातात राहत नाही. साठीच्या पुढच्या माणसांना सरसकट बंदी घालायचं कारण नाही, पण त्यांनी आपल्या डॉक्टरला निघण्याआधी एक फोन करावा. तिथे पोचल्यावर जो फॉर्म सही करायला देतात त्यात हे सगळे आजार छापलेले असतात. लोक तो न वाचता सही करतात आणि आजी-आजोबांच्या वतीने मुलगाच सही ठोकतो.

मग त्यांनी हॉटेलवर बसायचं का? अजिबात नाही. जवळपास सगळ्याच कंपन्या टेकड्या वगळून थेट कॅम्पवर सोडण्याची सोय करतात. फक्त ते आधी सांगावं लागतं. ऐनवेळी वाळूच्या काठावर सांगितलं तर दुसरी गाडी कुठून आणायची म्हणून ड्रायव्हर ‘कुछ नहीं होगा, आराम से चलाऊँगा’ म्हणतो आणि सगळे गप्प बसतात. कॅम्पवरचा सूर्यास्तही तोच असतो. कुटुंब मोठं असेल तर स्वतंत्र गाडी घेणं परवडतं आणि मग ती किती उडवायची हे घरचेच ठरवू शकतात.

बसायचंच ठरलं तर पाठ सीटला चिकटवून, बेल्ट पोटावर न घेता कमरेच्या हाडावर खाली आणि घट्ट, पाय सपाट, एक हात वरच्या हँडलला. तिसऱ्या रांगेत सर्वात जास्त उसळतं, कारण ती मागच्या चाकांच्या वर किंवा मागे येते. नाजूक पाठीच्या माणसाला तिथे बसवू नये. नेमकं उलट होतं. मुलं पुढची सीट पकडतात आणि काका-काकू मागे कोंबले जातात.

आणि सगळ्यात साधी गोष्ट: सांगावं. दुबईत सफारीचे बरेच ड्रायव्हर दक्षिण आशियातले असतात आणि हिंदी-उर्दू बहुतेकांना कळते. ‘भाई, ज़रा आहिस्ता’ एवढं पुरतं. अडचण वेगळीच असते. ड्रायव्हरला वाटतं की किंचाळणं म्हणजे मजा येतेय, आणि तो आणखी जोर लावतो. म्हणून ओरडण्यापेक्षा शब्दांत सांगितलेलं बरं. राजस्थानात जैसलमेरजवळ समच्या वाळूवर उघड्या जीपमध्ये मागे उभं राहून फिरवतात. तिथे तर बेल्टही नसतो. वरचं सगळं तिथे दुपटीने लागू.

सफारीनंतर पाठीच्या मध्यावर दुखणं थांबत नसेल, बसता-उठता कळ येत असेल, तर ‘प्रवासाने अंग दुखतंय’ म्हणून बाम लावून पुढची टूर करू नये. एक्स-रे काढावा. पायात मुंग्या, बधिरपणा, लघवीला त्रास यातलं काही असेल तर लगेच हॉस्पिटल. वाळवंटातच कुणाला जोरात इजा झाली तर ओढून उभं करू नये, आडवं ठेवावं आणि मदत बोलवावी. अमिरातीत रुग्णवाहिकेचा नंबर ९९८ आणि पोलिसांचा ९९९ आहे.

उलटी

यावर फार लिहिण्यासारखं नाही, पण होते सगळ्यांनाच. कान सांगतो हलतोय, डोळे सांगतात मोबाइलचा स्क्रीन स्थिर आहे, मेंदू गोंधळतो. गाडीत बसून रील बनवणं हा उलटी होण्याचा हमखास मार्ग आहे. नजर लांब क्षितिजावर ठेवावी. दुपारचं जेवण हलकं आणि निदान दोन तास आधी. गोळी घ्यायची तर निघण्याआधी, डॉक्टरांना विचारून. उलटी सुरू झाल्यावर गोळीचा उपयोग नाही.

सँडबोर्डिंग: बर्फासारखं दिसतं, पण तसं नसतं

फोटोच्या थांब्यावर ड्रायव्हर गाडीतून एक-दोन पाट्या काढतो. हा सँडबोर्ड. बर्फावर घसरताना घर्षणाने पाण्याचा अगदी पातळ थर तयार होतो आणि पाटी सुसाट सुटते. वाळू वितळत नाही. कण कोरडे, कडक आणि घासणारे, त्यामुळे पाटीच्या तळाला मेण चोळावं लागतं. मेण नसेल तर माणूस टेकडीवर नुसता उभा राहतो आणि खालून घरचे ओरडत राहतात, ‘अगं ढकल ना!’

उतार हवा तो पलीकडचा, ३२-३४ अंशांचा. उभं राहून जायचं तर वजन मागच्या पायावर ठेवायचं, कारण पाटीचं नाक वाळूत घुसलं की पाटी थांबते आणि माणूस पुढे जातो. वळायचा हट्ट नवख्याने धरू नये, सरळ खाली यावं. पडायची वेळ आली तर मागे बुडावर बसावं, हात टेकून सावरायला जाऊ नये. मनगट आणि खांद्याचं हाड मोडतं ते असं. पर्यटकांपैकी बरेच जण पाटीवर बसून घसरतात, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. दोन्ही पाय पाटीवर, हातांनी कडा धरलेल्या, पाठ किंचित मागे. फक्त खाली मोकळी वाळू आहे, गाडी किंवा क्वाड बाईक येत नाहीये, हे बघून सुटावं.

घसरायला दहा सेकंद लागतात. परत वर चढायला पाच मिनिटं, कारण प्रत्येक पावलाला अर्धं पाऊल मागे सरकतं. इथे लिफ्ट नसते. दोन-तीन फेऱ्यांत भलेभले बसतात. आधीच्या कुणाच्या पावलांत पाय टाकत, किंवा माथ्याच्या कडेकडेने चढलं तर दम कमी लागतो. उन्हाळ्यात हवा ४५ अंशांच्या पुढे जाते आणि वाळू त्याहून कितीतरी जास्त तापते, तेव्हा अनवाणी चढणं म्हणजे पाय भाजून घेणं. नोव्हेंबर ते मार्च हा काळ बरा. डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर चष्मा लावून जावं. फोन झिपच्या पिशवीत ठेवावा. चार्जिंगच्या छिद्रात गेलेली वाळू घरी आल्यावर कळते.

स्वतः बग्गी चालवायची असेल तर

थांब्यावर क्वाड बाईक आणि बग्गी भाड्याने मिळतात. इथे ड्रायव्हरचं कसब मध्ये नसतं, वर सांगितलेला माथा आणि पलीकडचा उतार थेट तुमच्या अंगावर येतो. बग्गीला निदान सांगाडा आणि बेल्ट असतात. क्वाड बाईकला काहीच नसतं आणि उलटली की ती अंगावर येते. हेल्मेट सैल असेल तर बदलून मागावं. गाडीच्या मागे लांब काठीवर झेंडा असतो तो शोभेचा नाही. माथ्यापलीकडून येणाऱ्याला आधी तो झेंडाच दिसतो. झेंडा नसलेली गाडी घेऊ नये.

पैसे भरण्याआधी

दुबईत सहली चालवणाऱ्या कंपनीला तिथल्या अर्थव्यवस्था आणि पर्यटन विभागाचा परवाना लागतो. हॉटेलच्या लॉबीत किंवा इन्स्टाग्रामवर अर्ध्या किमतीत सफारी विकणारा माणूस हा अनेकदा फक्त दलाल असतो, गाडी तिसऱ्याचीच येते. परवाना कुणाचा, गाडी कुणाची, कॅम्पवर थेट सोडाल का, हे तीन प्रश्न व्हॉट्सॲपवर विचारावेत, म्हणजे उत्तर लेखी राहतं.

प्रवास विमा काढलाय म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी पॉलिसीतला अपवादांचा भाग वाचावा. बऱ्याच पॉलिसींमध्ये साहसी खेळांत झालेली इजा धरत नाहीत, किंवा त्यासाठी वेगळं संरक्षण जादा हप्ता भरून घ्यावं लागतं. ड्यून बॅशिंग त्यात येतं का, स्वतः चालवलेली क्वाड बाईक येते का, हे विमा कंपनीला ई-मेल करून विचारता येतं. आधीपासून असलेलं पाठीचं दुखणं पॉलिसी घेताना लपवलं असेल तर दावा तिथेच अडकतो. परदेशातल्या हॉस्पिटलचं बिल हा सफारीच्या तिकिटाच्या कित्येक पट मोठा आकडा असतो.

गाडी न उडवता वाळवंट बघायचं असेल तर

दुबईचं एक संरक्षित वाळवंट आहे, दुबई डेझर्ट कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह. क्षेत्रफळ २२५ चौरस किलोमीटर, म्हणजे दुबई अमिरातीच्या साधारण ५ टक्के. इथे मोजक्याच कंपन्यांना प्रवेश आहे आणि गाड्या ठरवून दिलेल्या मार्गांवरूनच जातात. त्यामुळे सफारी महाग असते, पण शांत असते. पाठ सांभाळून असणाऱ्यांना ही जास्त मानवते. इथे दिसतो तो अरबी ओरिक्स, लांब सरळ शिंगांचा पांढरा प्राणी. कतार एअरवेजच्या विमानांवर ज्याचं चित्र असतं तोच. शिकारीमुळे १९७२ मध्ये तो जंगलातून पूर्ण संपला होता. प्राणिसंग्रहालयांत वाढवलेले कळप १९८२ मध्ये ओमानच्या वाळवंटात पुन्हा सोडले, हळूहळू इतर देशांतही सोडले, आणि २०११ मध्ये त्याचं नाव ‘धोक्यात’ या यादीतून एक पायरी खाली, ‘असुरक्षित’ गटात आलं. नामशेष झालेला प्राणी इतका मागे येणं दुर्मीळ असतं.

टेकड्यांच्या मधल्या सपाट भागात एकेकटी, खाली फांद्या झुकलेली झाडं दिसतात. तिथे त्याला घाफ म्हणतात आणि २००८ पासून तो संयुक्त अरब अमिरातीचा राष्ट्रीय वृक्ष आहे. राजस्थानात त्याचं नाव खेजडी. आणि आपल्याकडे शमी, काही भागांत सौंदड. दसऱ्याला जिची पूजा होते, पांडवांनी जिच्यात शस्त्रं लपवल्याची गोष्ट सांगतात, तीच ही. मुळं फार खोल जातात म्हणून पाऊस नसला तरी ती हिरवी असते, आणि उंट तिची खालची पानं खातात. रिझर्व्हच्या बाहेर गाड्या रोज नवे रस्ते पाडतात, चाकांखाली छोटी झुडपं आणि रोपं जातात. मोठं झाड टिकतं, पण त्याच्याजवळ नवं रोप उभं राहायला जागा उरत नाही. ड्रायव्हर फोटोसाठी गाडी झाडाच्या अगदी बुंध्यापर्यंत न्यायला तयार असतो. थोडं लांब थांबवायला सांगून चालत गेलं तरी फोटो तोच येतो.